गोठवलं की काचरूप केलं? क्रायोनिक्सचा केस रिपोर्ट कसा वाचायचा

प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत राहणारं एक मराठी जोडपं क्रायोनिक्ससाठी, म्हणजे पुढे कधीतरी परत जिवंत करता येईल या आशेने मृत्यूनंतर देह किंवा डोकं अतिथंड ठेवण्यासाठी, नाव नोंदवायच्या विचारात आहे. ॲरिझोनातली अल्कोर आणि मिशिगनमधली क्रायोनिक्स इन्स्टिट्यूट या दोन्ही संस्थांची माहिती त्यांनी वाचली आहे. मृत्यूनंतर देहावर प्रत्यक्षात काय काय करतात, आणि ते नीट झालं की नाही हे बाहेरच्या माणसाला कळायची काही सोय आहे का, असं त्यांना विचारायचं आहे. पुण्यात राहणाऱ्या आईवडिलांसाठी हे जमेल का, हाही प्रश्न शेवटी आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. क्रायोनिक्सने जतन केलेला एकही माणूस आजवर परत जिवंत झालेला नाही. एकाही सस्तन प्राण्याचा अख्खा मेंदू द्रव नायट्रोजनच्या उणे १९६ अंशांवरून परत आणून चालू करता आलेला नाही. ऑपरेशननंतर पेशंट चालत घरी गेला की सर्जनचं काम सगळ्यांना दिसतं; इथे तसा निकालच हाती येत नाही. म्हणून या क्षेत्रात नोंद, म्हणजे प्रत्येक जतनाबद्दल संस्था लिहिते तो केस रिपोर्ट, हाच एकमेव पुरावा आहे: किती वाजता काय केलं, तेव्हा तापमान किती होतं, बर्फ होऊ न देणारं द्रावण मेंदूच्या किती भागात पोहोचलं. ही नोंद जी संस्था उघड करत नाही, तिचं काम चांगलं की वाईट हे ठरवायला काही आधारच उरत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा न्याय इथे लावता येत नाही, कारण मूठ ज्याची झाकलेली असते तो स्वतः काही विचारू शकत नाही.

आता प्रक्रियेकडे येऊ. ‘गोठवणं’ आणि ‘काचरूप करणं’ यांतला फरक कळला नाही तर पुढचं काहीच कळणार नाही.

गावातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कृत्रिम रेतनाचा नायट्रोजन कंटेनर बहुतेकांनी पाहिलेला असतो. उरुळीकांचनच्या बायफ या संस्थेने हे तंत्र महाराष्ट्रात गोठ्यापर्यंत नेलं. त्या कांडीत जेमतेम पाव मिलिलिटर वीर्य असतं, त्यात ग्लिसरॉल मिसळलेलं असतं, आणि कांडी कोमट पाण्यात वितळवल्यावर बऱ्याच शुक्रपेशी मेलेल्या निघतात. तरीही गाय गाभण राहते, कारण पेशी लाखोंनी आहेत आणि प्रत्येक सुटी आहे. मेंदूत ही सवलत नाही. तिथे पेशींची एकमेकींशी असलेली जोडणी हीच तर जपायची वस्तू आहे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं हे खरं, पण खरी हानी वेगळ्या वाटेने होते. बर्फ आधी पेशींच्या बाहेर धरतो, आतलं पाणी ओढून घेतो, पेशी सुकतात, उरलेल्या पाण्यात क्षार घट्ट होत जातात, आणि बर्फाचे स्फटिक केशवाहिन्यांच्या भिंती फाडत वाढतात. जानेवारी १९६७ मध्ये जेम्स बेडफर्ड यांना कॅलिफोर्नियात जतन केलं, ते या प्रकारातलं पहिलं जतन. तेव्हा डीएमएसओ हे गोठण्याची इजा कमी करणारं रसायन टोचण्यापलीकडे फारसं काही करता आलं नव्हतं. म्हणजे ते सरळ गोठवणंच होतं.

काचरूप करणं, म्हणजे व्हिट्रिफिकेशन, यात बर्फ होऊच द्यायचा नसतो. पाण्यात क्रायोप्रोटेक्टंट (बर्फ धरू न देणारं रसायन) इतकं दाट भरायचं की थंड होताना स्फटिक धरण्याऐवजी द्रव मधासारखा, मग डांबरासारखा घट्ट होत जातो आणि शेवटी काचेसारखा थिजतो. पुण्या-मुंबईच्या आयव्हीएफ केंद्रांत गर्भ याच तत्त्वाने ठेवतात. पण तिथे थेंब इतका बारीक असतो की तो क्षणात थंड होतो. दीड किलोचा मेंदू क्षणात थंड होत नाही, म्हणून तिथे द्रावणच असं लागतं की मंद गतीने थंड केलं तरी बर्फ धरणार नाही.

अल्कोर २००५ पासून वापरत आलेलं एम-२२ हे असं द्रावण आहे. ते ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी मेडिसिन या कंपनीत ग्रेग फेही आणि ब्रायन वॉक यांच्या गटाने बनवलं. त्यात डीएमएसओ सुमारे २२ टक्के, इथिलीन ग्लायकॉल सुमारे १७ टक्के, फॉर्मामाइड सुमारे १३ टक्के, शिवाय थोडं एन-मिथाइलफॉर्मामाइड, एक मेथॉक्सी संयुग, पीव्हीपी आणि बर्फाचं बीज धरू न देणारी दोन पॉलिमर्स असतात. पूर्ण ताकदीच्या द्रावणात हे सगळं मिळून ६५ टक्क्यांच्या जवळ भरतं. मिनिटाला ०.१ अंश इतक्या मंद गतीने थंड केलं तरी त्यात बर्फ होत नाही, आणि उणे १२३ अंशांच्या आसपास ते काच होतं. फेही यांनी सशाचं मूत्रपिंड या द्रावणाने काचरूप करून, परत गरम करून, सशात बसवलं आणि ते एकच मूत्रपिंड त्याला जगवू शकलं. हा प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. क्रायोनिक्स इन्स्टिट्यूटचं व्हीएम-१ याहून साधं आहे: इथिलीन ग्लायकॉल आणि डीएमएसओ, प्रत्येकी ३५ टक्के. ते स्वस्त आहे, कुठेही बनवता येतं, पण विषारीपणात एम-२२ पेक्षा वाईट.

द्रावण कितीही चांगलं असलं तरी ते रक्तवाहिन्यांतूनच मेंदूत जायचं असतं, आणि सगळी मेख तिथे आहे. रक्ताभिसरण थांबल्यावर पहिल्या काही मिनिटांत काय झालं यावर पुढचं सगळं ठरतं.

कायदेशीर मृत्यू घोषित झाल्याशिवाय देहाला हात लावता येत नाही. म्हणून स्टँडबाय टीम आधीपासून पेशंटच्या खोलीबाहेर थांबते. घोषणा होताच तीन गोष्टी एकदम सुरू होतात. देह घडीच्या टबात ठेवून बर्फाचं पाणी ओततात. छाती दाबणारं यंत्र लावून रक्त फिरतं ठेवतात. आणि शिरेतून औषधं देतात. बर्फाच्या नुसत्या पिशव्या अंगावर ठेवणं आणि बर्फाचं पाणी पंपाने अंगावरून सतत फिरवणं यांत कितीतरी पटींचा फरक पडतो, कारण स्थिर पाण्यात त्वचेलगत कोमट थर साचून राहतो. किती बर्फ लागतो? ७० किलोचा देह ३७ वरून २ अंशांपर्यंत आणायला साधारण ८,५०० किलोज्यूल उष्णता काढावी लागते, म्हणजे वितळण्यातच सुमारे २५ किलो बर्फ जातो. टब, हवा आणि पाणी यांची गळती धरली तर ७० ते १०० किलो हाताशी हवा. रिपोर्टमध्ये ‘रुग्णालयातून चार पिशव्या बर्फ मिळवला’ असं वाक्य दिसलं तर तयारी नव्हती हे समजा.

औषधांमधली दोन नावं लक्षात ठेवा. पहिलं हेपारिन, ५०,००० युनिट, रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. छाती दाबून ते फिरवलं नाही तर टोचलेल्या जागीच पडून राहतं. म्हणून ‘हेपारिन दिलं’ एवढं पुरेसं नाही, त्यानंतर किती मिनिटं दाब चालू होता ते लिहिलेलं हवं. दुसरं प्रोपोफॉल, २०० मिलिग्रॅम. ते मेंदूची ऑक्सिजनची गरज कमी करतं. शिवाय यंत्राने रक्त फिरू लागल्यावर शुद्धीची अंधूकशीही शक्यता राहू नये, हा त्याचा हेतू आहे. पेशंटबद्दल आपुलकी असलेल्या संस्थेने ते कधी वगळू नये.

त्यानंतर मांडीच्या धमनीत आणि शिरेत कॅन्युला (बारीक नळी) घालून रक्त धुऊन काढतात आणि जागी अवयव-जतनाचं थंड द्रावण भरतात. मग प्रवास. संस्थेच्या ऑपरेशन रूममध्ये संपूर्ण देह ठेवायचा असेल तर छाती उघडून महाधमनीत कॅन्युला लावतात. फक्त डोकं ठेवायचं असेल तर मानेतल्या पुढच्या दोन कॅरोटिड आणि मागच्या दोन व्हर्टिब्रल धमन्यांत. चारही का? मेंदूच्या तळाशी या धमन्यांना जोडणारं वर्तुळ असतं, पण बऱ्याच माणसांत ते अपुरं असतं. फक्त कॅरोटिडमधून द्रावण दिलं आणि ते वर्तुळ अपुरं निघालं, तर मेंदूचा मागचा भाग आणि मेंदूचा देठ कोरडे राहतात. रिपोर्टमध्ये ‘कॅरोटिड कॅन्युलेशन यशस्वी’ एवढंच असेल आणि व्हर्टिब्रलचा उल्लेख नसेल, तर विचारलंच पाहिजे.

द्रावण एकदम पूर्ण ताकदीचं दिलं तर पेशी आकसून तुटतील. म्हणून गोठणबिंदूच्या थोडं वर ठेवून आधी निम्म्या ताकदीपर्यंत हळूहळू चढवतात, थांबतात, मग उणे ३ अंशांच्या आसपास उतरवून पूर्ण ताकद देतात. जितकं थंड, तितका विषारीपणा कमी. दाब जिवंतपणीच्या धमनीतल्या दाबापलीकडे जाऊ देत नाहीत, नाहीतर द्रावण वाहिन्यांतून बाहेर झिरपून सूज येते. नळीत हवेचा एक बुडबुडा गेला तरी त्याच्या पुढची केशवाहिनी बंद.

पोहोचलं किती, हे कसं कळतं? द्राक्षबागायतदार घडातला मणी फोडून ज्या रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, बघतो, तेच तत्त्व. मानेच्या दोन्ही जुग्युलर शिरांतून बाहेर येणारा द्रव त्यावर घेतात. काचरूप व्हायला लागणारी तीव्रता दोन्ही बाजूंनी गाठली आणि अर्धा तास टिकली, तर काम झालं असं मानतात. ‘दोन्ही बाजूंनी’ हा शब्द महत्त्वाचा. डावीकडचा आकडा चढतोय आणि उजवीकडचा रेंगाळतोय, म्हणजे उजव्या बाजूला कुठेतरी अडथळा आहे. एकाच बाजूचा किंवा दोन्हींचा एकत्र मिसळलेला आकडा दिला असेल तर हा दोष लपून जातो.

आणखी एक खिडकी असते, अक्षरशः. कवटीला दोन छोटी भोकं पाडून मेंदूचा पृष्ठभाग बघतात. मेंदू कवटीपासून मागे सरकू लागला, तर रक्त-मेंदू अडसर (मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची गाळून घेणारी भिंत) शाबूत आहे आणि द्रावण आतलं पाणी ओढतंय. उलट तो भोकातून वर फुगून येऊ लागला, तर वाहिन्या आधीच खराब झाल्यात, सूज येतेय, आणि परफ्यूजन, म्हणजे वाहिन्यांतून द्रावण भरणं, लवकर थांबवावं लागेल. आकसणं हे चांगलं लक्षण असलं तरी फुकट मिळत नाही. खूप आकसलेल्या मेंदूची सूक्ष्म रचना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ओळखणं अवघड जातं, आणि ही टीका मेंदू जतनाच्या क्षेत्रातूनच झालेली आहे. रॉबर्ट मॅकिन्टायर आणि फेही यांनी २०१५ मध्ये वेगळा मार्ग दाखवला: आधी ग्लुटराल्डिहाइडने मेंदू स्थिर करायचा, मग क्रायोप्रोटेक्टंट भरायचं. सशाच्या आणि नंतर डुकराच्या मेंदूची जोडणी त्यात उत्तम टिकली आणि ब्रेन प्रिझर्वेशन फाउंडेशनची बक्षिसं २०१६ आणि २०१८ मध्ये त्या कामाला मिळाली. पण ग्लुटराल्डिहाइड प्रथिनांना कायमचं एकमेकांत गुंतवतं. तो मेंदू जैविक अर्थाने परत चालू होण्याचा प्रश्नच उरत नाही, रचना वाचण्यापुरता तो उरतो. ज्या कुणाला हा पर्याय सुचवला जाईल, त्याला हा फरक आधी समजावून सांगायलाच हवा.

पुढे नायट्रोजनच्या वाफेत देह उणे ११० अंशांच्या आसपास लवकर आणतात, कारण त्या पट्ट्यात बर्फ धरायला वेळ द्यायचा नसतो. तिथून पुढे मात्र उणे १९६ पर्यंत सुमारे दोन आठवडे घेतात. काच झाल्यावर घाई केली की आतबाहेरच्या तापमानफरकाने तडे जातात. हळू नेलं तरी जातातच. अल्कोरने कवटीत छोटं ध्वनिसंवेदक बसवून तड्यांचे आवाज नोंदवले आहेत. त्याला ते ‘क्रॅकफोन’ म्हणतात. ही नोंद स्वतःहून जाहीर करणं हे धाडसाचं काम होतं. असे आकडे दिसले म्हणून त्या संस्थेपासून दूर जाऊ नका. तिच्याकडे तडे मोजणारं यंत्र आहे आणि ती खरं बोलते, एवढंच त्यातून कळतं.

साठवण त्यामानाने सोपी. अल्कोरच्या ‘बिगफूट’ ड्यूअरमध्ये, म्हणजे थर्माससारख्या दुहेरी भिंतीच्या टाकीत, चार देह आणि शिवाय काही डोकी मावतात. देह उलटे, डोकं खाली. नायट्रोजनची पातळी चुकून उतरलीच तर पाय आधी उघडे पडावेत, डोकं सर्वांत शेवटी. वीज लागत नाही, फक्त नायट्रोजन भरत राहावं लागतं. टाकीची निर्वात पोकळी गळू लागली की रोजचं बाष्पीभवन वाढतं आणि बाहेरच्या पत्र्यावर दव किंवा हिम धरतं. पातळीची रोजची वही नीट ठेवलेली असेल तर ही गळती पत्र्यावर दिसण्याआधी वहीत दिसते.

आता उघडेपणाचा प्रश्न.

कॅलिफोर्नियातल्या चॅट्सवर्थ इथल्या स्मशानभूमीतल्या तळघरात रॉबर्ट नेल्सन यांच्या संस्थेने काही देह ठेवले होते. नातेवाइकांकडून येणाऱ्या पैशांवर नायट्रोजन भरला जायचा. पैसे आटले, टाक्या बिघडल्या, देह वितळले, आणि घरच्यांना ते सांगितलंच गेलं नाही. १९७९ मध्ये ते उघडकीला आलं तेव्हा नऊ देह गेलेले होते. त्यानंतर टिकलेल्या संस्था पूर्ण रक्कम आधी घेतात, आणि अल्कोरने १९९७ मध्ये पेशंटांच्या देखभालीसाठी वेगळा ट्रस्ट केला. तुम्ही नोंदणी करताना त्या ट्रस्टचा ताळेबंद मागा, म्हणजे तुमच्या रकमेतला किती भाग तिथे जातो ते कळेल.

१९८७ चं डोरा केंट प्रकरण दुसऱ्या बाजूचं. त्या अल्कोरच्याच जागेत वारल्या, तेव्हा तिथे डॉक्टर हजर नव्हता. देहात बार्बिट्युरेट सापडल्यावर, औषध दिलं तेव्हा त्या जिवंत होत्या का, असा प्रश्न कॉरोनरने (मृत्यूचं कारण तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने) उभा केला. डोकं शवविच्छेदनासाठी द्यायला संस्थेने नकार दिला आणि प्रकरण कोर्टात गेलं. मृत्यूची घोषणा कुणी केली, किती वाजता केली आणि पहिलं इंजेक्शन किती वाजता दिलं, ही नोंद घड्याळाप्रमाणे आणि तिसऱ्या माणसाच्या सहीने असती, तर तो प्रश्न उभाच राहिला नसता. म्हणजे उघडी नोंद पेशंटइतकीच संस्थेलाही वाचवते.

ब्रिटनमधल्या १४ वर्षांच्या मुलीचं २०१६ चं प्रकरण मराठी वर्तमानपत्रांतही आलं होतं. न्यायमूर्ती पीटर जॅक्सन यांनी तिची इच्छा पूर्ण करण्याचा मार्ग मोकळा केला, पण निकालाच्या शेवटी रुग्णालयाने कळवलेल्या अडचणींचीही नोंद घेतली: मदतीला आलेल्या स्वयंसेवक गटाची तयारी अपुरी होती, कामात गोंधळ होता. प्रक्रियेच्या दर्जाबद्दल बाहेरच्या, तटस्थ माणसाने केलेली अशी नोंद फार क्वचित मिळते, म्हणून ती महत्त्वाची.

संस्था स्वतः काय प्रसिद्ध करतात? अल्कोर आणि क्रायोनिक्स इन्स्टिट्यूट दोघीही केस रिपोर्ट काढतात, नाव टाळून क्रमांकाने. पण सगळ्या केसेसचे नाही, आणि काही फार उशिरा. म्हणून पहिला हिशोब हाच करा: एखाद्या वर्षी किती पेशंट घेतले आणि त्यातल्या किती जणांचे रिपोर्ट उपलब्ध आहेत. फक्त चांगल्या केसेस छापल्या असतील तर सरासरी आपोआप सुंदर दिसते.

रिपोर्ट हातात आल्यावर शेवटचा ‘एकंदर समाधानकारक’ परिच्छेद सोडून द्या आणि वेळापत्रकाकडे जा. घोषणा, पहिला बर्फ, पहिला दाब, हेपारिन, कॅन्युला, धुणं, परफ्यूजनची सुरुवात आणि शेवट, या प्रत्येकाला घड्याळाची वेळ हवी. मधे दोन तासांची पोकळी दिसली तर त्या वेळात देह कुठे होता? बहुतेकदा उत्तर असतं: शवागारात, कागदपत्रांची वाट बघत. मग तापमानाचा आलेख बघा. नाकातून घशाच्या वर पोहोचवलेल्या थर्मोकपलने (तापमान मोजणाऱ्या तारेने) दाखवलेलं तापमान मेंदूच्या जवळचं असतं. गुदाशयातलं मागे रेंगाळतं. आलेखात अचानक दहा अंशांची उडी दिसली तर तो सेन्सर निसटलेला असतो. चांगला रिपोर्ट ते लिहितो, वाईट रिपोर्ट ती रेघ गुळगुळीत करतो.

यातून एक आकडा काढता येतो, त्याला एस-मिक्स म्हणतात. ३७ अंशांवर रक्ताविना किती वेळ गेल्याइतकं नुकसान झालं, त्याचा हा हिशोब. गृहीतक असं, की दर १० अंश उतरलं की नुकसानाचा वेग निम्मा होतो. समजा, घोषणेनंतर २० मिनिटं काहीच झालं नाही: २० मिनिटं. मग दाब न देता नुसत्या बर्फात दोन तासांत मेंदू ३७ वरून १७ अंशांवर आला: सुमारे ६५ मिनिटं. मग २४ तास २ अंशांवर प्रवास: सुमारे १२७ मिनिटं. एकूण २१२ मिनिटं, म्हणजे घड्याळात २६ तास २० मिनिटं गेले तरी तुल्य इजा साडेतीन तासांची. यातलं शिकण्यासारखं हे, की पहिल्या २ तास २० मिनिटांनी ८५ मिनिटांची इजा केली आणि पुढच्या पूर्ण दिवसाने १२७ ची. पण हा आकडा तोंडी लावण्यापुरताच. थंड असलेल्या देहातही वाहिन्यांचं अस्तर फुगत राहतं, गुठळ्या बसतात, आणि दिवसभराने द्रावण आतच जात नाही. एस-मिक्स सुंदर आणि परफ्यूजन फसलेलं, अशी केस होऊ शकते.

शेवटचा तपास सीटी स्कॅनचा. डोकं थंड ठेवूनच ते काढता येतं. डीएमएसओमध्ये गंधक असतं, त्यामुळे द्रावण भरलेला भाग क्ष-किरण जास्त अडवतो आणि पांढरा दिसतो. नुसता बर्फ झालेला भाग काळपट. म्हणजे मेंदूचा किती भाग काचरूप झाला आणि किती गोठला, हे चित्रातच दिसतं. २०१३ मध्ये एका २३ वर्षांच्या तरुणीचं जतन झालं आणि पुढे त्याचे तपशील बाहेर आले: द्रावण मेंदूच्या बाहेरच्या भागापर्यंतच पोहोचलं होतं, आतला भाग बर्फाच्या तोंडी राहिला. तिच्या माणसांना ते वाचताना काय वाटलं असेल, याची कल्पना करवत नाही. तरीही ते छापलं हे बरोबरच झालं, कारण पुढच्या माणसाच्या वेळी काय बदलायचं ते त्यातूनच कळतं. ज्या संस्थेकडे स्कॅन आहेत, तिने ते सगळे दाखवावेत. जिच्याकडे नाहीत, तिने तसं लिहावं.

खाजगीपणाचा मुद्दा रास्त आहे, पण वेळ, तापमान, तीव्रता, दाब आणि स्कॅन यांतून कुणाची ओळख पटत नाही. करारात एक कलम स्वतःहून घाला: माझी केस, नाव गाळून, सर्व मूळ नोंदींसह, ठरावीक मुदतीत प्रसिद्ध करावी, आणि एक प्रत माझ्या अमुक नातेवाइकाला द्यावी. हे कलम स्वीकारायला संस्था किती खळखळ करते त्यावरून बरंच कळतं. कॅन्युला कोण लावणार, त्याची पात्रता काय, टीम किती तासांत पोहोचेल, आणि ती टीम फीमध्ये धरलेली आहे का, हे लेखी घ्या. अल्कोरची किमान रक्कम दीर्घकाळ पूर्ण देहाला २ लाख आणि फक्त डोक्याला ८० हजार डॉलर होती, क्रायोनिक्स इन्स्टिट्यूटची २८ हजारांपासून. या फरकाचा एक भाग स्टँडबायचा आहे. स्वस्त पर्याय घेऊन स्टँडबाय वेगळा विकत घेतला नाही, तर देह स्थानिक अंत्यविधी-व्यावसायिकाच्या हातून, बऱ्याच उशिराने संस्थेत पोहोचतो.

न्यू जर्सीत तुम्हाला एक फायदा आहे: शवविच्छेदनाला धार्मिक आक्षेप नोंदवणारं पत्र तिथल्या कायद्यात मान्य आहे. ते भरून पाकिटात ठेवा. संशयास्पद मृत्यूत ते चालणार नाही, पण एरवी मेंदू कापला जाण्यापासून वाचवतं.

पुण्यातल्या आईवडिलांबद्दल मात्र स्पष्टच लिहितो. भारतात क्रायोनिक्सची साठवण नाही, स्टँडबाय टीमही नाही. घरी किंवा रुग्णालयात नैसर्गिक मृत्यू झाला तरी मृत्यूचा दाखला, पोलिसांचं ना-हरकत पत्र, वकिलातीचे कागद आणि विमान कंपनीची जागा यांत दिवस जातात, आणि देह परदेशी पाठवताना एम्बाल्मिंगचं (देहात फॉर्मलिन भरून तो टिकवल्याचं) प्रमाणपत्र सर्रास मागतात. म्हणजे फॉर्मलिन आधीच गेलेलं. अपघात किंवा अचानक मृत्यू असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली पंचनामा आणि बहुधा शवविच्छेदन, ज्यात कवटी उघडतात. इतक्या उशिराने परफ्यूजन होत नाही, फार तर ड्राय आइसमध्ये, उणे ७८.५ अंशांवर, सरळ गोठवून नेता येईल. कुणी याला ‘काचरूप जतन’ म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका. आईवडिलांची स्वतःची मनापासून इच्छा असेल, तर आजार असाध्य ठरल्यावर, प्रवास झेपत असतानाच, संस्थेजवळच्या हॉस्पिसमध्ये (अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांच्या सेवाकेंद्रात) जाऊन राहणं हा एकच मार्ग उरतो. त्यासाठी व्हिसा, तिथला वैद्यकीय खर्च आणि परक्या गावात शेवटचे आठवडे काढायची त्यांची तयारी, हे तिन्ही त्यांच्याशी समोर बसून, आकड्यांसकट बोलावं लागेल. ‘नको’ म्हणायची मोकळीक त्यांना आधी द्या, मगच फॉर्म उघडा.